नाळेवर न जाण्याचा खर्च

फायबरग्लास कुजत नाही. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, माणूस निवृत्त होतो, पण १९७०च्या दशकात अमेरिकेत साच्यातून काढलेल्या शिडाच्या बोटी अजून धडधाकट आहेत. त्या मोडीत काढायला पैसे पडतात, म्हणून एका आशावादी माणसाकडून दुसऱ्या आशावादी माणसाकडे जात राहतात. चेसापीकच्या उपसागरावर, अ‍ॅनापोलिसच्या बॅक क्रीकमध्ये, अशीच एक तीस फुटी बोट जुन्या मोटारीच्या भावात माझ्याकडे आली. विकणाऱ्या गृहस्थांनी किल्ली देताना मला मिठी मारली. बोटीवर त्यांचा फार जीव असणार, असं मला त्या वेळी वाटलं.

या पिढीच्या बोटींना एक खोड आहे. त्या काळी शर्यतींसाठी आयओआर नावाची नियमावली होती. तिच्या गणितात मागचं मुख्य शीड वाढवलं की दंड जास्त, पुढचं वाढवलं की कमी. झालं. बोटी आखणाऱ्यांनी मुख्य शीड अरुंद केलं आणि पुढे भलंथोरलं जेनोआ लावलं. ज्या बोटी जन्मात शर्यतीला जाणार नव्हत्या, रविवारी पोराबाळांना फिरवून आणणार होत्या, त्यांनीही तीच फॅशन उचलली. नियमावली कधीच इतिहासजमा झाली, शीड राहिलं. माझं जेनोआ दीडशे टक्के होतं, म्हणजे नाळेपासून डोलकाठीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या दीडपट मागे पसरणारं. असलं शीड गाजवलं ते १९२६ साली स्वेन सालेन या स्वीडिश गृहस्थाने, इटलीत जेनोआच्या शर्यतीत. त्याच्याकडे खलाशी होते. माझ्याकडे मी होतो.

डोलकाठीच्या शेंड्यापासून नाळेपर्यंत, म्हणजे बोटीच्या अगदी पुढच्या टोकापर्यंत, एक पोलादी तार ताणलेली असते. तिला फोरस्टे म्हणतात. जुन्या पद्धतीत शीड या तारेला पितळी हुकांनी अडकवतात. पद्धत उत्तम आहे, तिच्यात बिघडण्यासारखं काही नाही. फक्त प्रत्येक गोष्टीसाठी नाळेवर जावं लागतं. शीड चढवायचं, नाळेवर. उतरवायचं, नाळेवर. वारा वाढला, लहान शीड लावायचंय, पुन्हा नाळेवर: मोठं खाली ओढा, हुक सोडवा, पिशवीत कोंबा, लहान काढा, हुक अडकवा, खालची बाजू वर गेली आहे हे लक्षात आलं की परत सोडवा. चेसापीक लांबीला तीनशे किलोमीटर, पण सरासरी खोली जेमतेम वीस-एकवीस फूट. एवढ्या उथळ पाण्यात वारा उठला की लाटा आखूड आणि उभ्या होतात, आणि नाळ क्षणात वर, क्षणात पाण्याखाली. सुकाणूपाशी बसलेल्या माणसाला हे दृश्य करमणुकीचं वाटतं. सुकाणूपाशी माझी बायको असायची.

त्यात इथला उन्हाळा. सकाळभर पान हलत नाही. पाण्यात उतरावं तर जुलै-ऑगस्टात डंख मारणारे जेलीफिश. आणि दुपार कलली की पश्चिमेकडून, मेरीलँडच्या तापलेल्या जमिनीवरून, एक काळा ढग येतो, वीसेक मिनिटं झोडपतो आणि शिट्टी वाजवत निघून जातो. तो पोचायच्या आत दीडशे टक्के शीड खाली घेणं हे खरं काम. अशा एका दुपारी मी नाळेवर पोटावर झोपून, दोन्ही हातांनी, गुडघ्यांनी आणि थोडंसं दातांनी शीड धरून ठेवलं होतं. बायको सुकाणूवरून ओरडली, "तू त्याला धरलंयस की त्याने तुला?" त्या दिवशी संध्याकाळी, अंगाला आयोडेक्स चोळत, मी जाहीर केलं की यापुढे मी नाळेवर जाणार नाही. फर्लर बसवणार.

फर्लर म्हणजे गुंडाळणारं यंत्र. फोरस्टेच्या तारेवर अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या एकीला एक जोडून चढवायच्या. पट्टीला उभी खाच, खाचेत शिडाची कड. तळाला ड्रम, ड्रमवर दोर, दोराचं टोक मागे कॉकपिटमध्ये. दोर ओढला की ड्रम फिरतो, पट्टी फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. शिडाच्या शेंड्याला एक स्विव्हल असतो. त्याचा खालचा भाग शिडाबरोबर फिरतो. वरच्या भागाला हॅलियर्डने, म्हणजे शीड वर खेचणाऱ्या दोराने, धरून ठेवलेलं असतं, तो फिरायचा नाही. हे 'फिरायचा नाही' वाचकांनी लक्षात ठेवावं. मी ठेवलं नव्हतं.

फर्लर बसवून देणारे कारागीर अ‍ॅनापोलिसमध्ये हाकेच्या अंतरावर मिळतात. एकाने अंदाजपत्रक दिलं. ते मी शांतपणे वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि घरी येऊन सांगितलं की असली कामं स्वतःच्या हातांनी करण्यात वेगळा आनंद असतो. शिवाय मी मेकॅनिकल इंजिनियर आहे, म्हणजे गेली अनेक वर्षं पंपांविषयीच्या मीटिंगांना हजर राहतो.

याच सुमारास सासरे आले. काही महिन्यांचा मुक्काम, दोन बॅगा आणि एक लांबोडकी वही. नाना जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. बालपण हर्णैत गेलेलं. समोर सुवर्णदुर्ग, खाली बंदरावर मासळीचा लिलाव. त्यामुळे समुद्रातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची शांत खात्री होती. समुद्रावर प्रत्यक्ष ते एकदाच गेले होते, किल्ला बघायला, आणि तेव्हा काय झालं ते सासूबाई आम्हाला वारंवार सांगत. फर्लरचं खोकं घरात आलं तेव्हा नानांनी चष्मा लावला, वहीत रेघा आखल्या आणि विचारलं, "जावईबापू, खर्चाचं प्रयोजन काय लिहू?"

"नाळेवर जावं लागू नये म्हणून," मी म्हणालो.

त्यांनी ते तसंच लिहिलं. त्यापुढच्या प्रत्येक नोंदीत प्रयोजनाच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' असं येत गेलं, आणि मला सांगायला हरकत नाही की काही पानांनंतर तो शब्द मला दिसेनासा व्हावा असं वाटू लागलं.

नानांवर छाप पाडायला मी त्यांना सुहाइलीची हकीकत सांगितली होती. मुंबईत सागवानात बांधलेली बत्तीस फुटी बोट. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज १९६८ साली तीत बसून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी परतला. असं करणारा तो जगातला पहिला. मुंबईच्या सुतारकामाचा मला अभिमान वाटतो हे सांगायचा माझा हेतू. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि फर्लरच्या खोक्याकडे बोट करून विचारलं, "त्याच्याकडे होतं का हे?" नव्हतं म्हटल्यावर त्यांनी वही मिटली.

आता बचतीबद्दल. फर्लरला नवीन शीड घ्यावं हे सरळ होतं. मी जुनंच घेऊन शीड शिवणाऱ्याकडे गेलो. म्हटलं, हुक काढा, खाचेत बसेल अशी कड लावा, दीडशेचं एकशे पस्तीस टक्के करा, आणि गुंडाळल्यावर जो भाग बाहेर राहील त्याला उन्हापासून वाचवणारा कापडी पट्टा शिवा. शिडाच्या डॅक्रॉन कापडाचा शत्रू वारा नव्हे, ऊन. गुंडाळलेलं शीड महिनोन्‌महिने उघड्यावर असतं, पट्टा नसला तर काही मोसमांत कड हाताने फाटते. शिवणारा सज्जन होता. तो म्हणाला, खाली ड्रम आला की तेवढी उंची जाते, कड नव्याने लावताना आणखी जाते, शीड बरंच आखूड होईल, नवीनच करा. मी म्हटलं, आखूड चालेल. आखूड शीड हाताळायला सोपं, नाही का? तो माझ्याकडे क्षणभर बघत राहिला आणि मग गिऱ्हाइकाचं म्हणणं त्याने पावतीवर लिहून घेतलं, माझी सही घेतली. नानांना तो माणूस फार आवडला.

जुना फोरस्टे काढणं हा एक वेगळाच प्रकार. तीच तार डोलकाठीला पुढून धरून असते. ती काढण्याआधी मोकळे हॅलियर्ड नाळेला बांधून विंचने ताणायचे, मागचा बॅकस्टे थोडा सैल सोडायचा, मग वर जाऊन पिन काढायची. हॅलियर्ड बांधायला नाळेवर गेलो, ते धरत नाही असं मी ठरवलं. बोट धक्क्याला होती. वर जायचं म्हणजे कापडी खुर्चीत बसायचं आणि कोणीतरी विंच फिरवून आपल्याला चाळीस फूट वर ओढायचं. बायकोने विंच घेतला. दोराचं शेपूट नानांच्या हाती दिलं आणि त्यांना बजावलं की काहीही झालं तरी सोडायचं नाही. मी जमिनीपासून माणूसभर वर गेलो असेन, नानांनी विचारलं, "मध्ये तपकीर ओढली तर चालेल का?" त्यानंतर वर पोचेपर्यंत मी खाली पाहिलं नाही. वर नौदलाच्या अकादमीचा घुमट दिसतो, सेव्हर्न नदी दिसते, उपसागरावरचे पूल दिसतात, आणि पक्कड खाली राहिली आहे हेही वरूनच लक्षात येतं.

फर्लरची जुळणी धक्क्यावर करायची असते, कारण चाळीस फुटांची पट्टी सरळ ठेवायला दुसरी जागा नाही. धक्का सार्वजनिक, पट्टी आडवी, त्यामुळे जाणारा-येणारा प्रत्येक जण ती ओलांडताना थांबून सल्ला देतो. अ‍ॅनापोलिसच्या प्रत्येक माणसाने आयुष्यात एकदा तरी फर्लर बसवलेला आहे आणि प्रत्येकाचा दुसऱ्याच्या पद्धतीवर विश्वास नाही. शेजारच्या बोटीवर एक अमेरिकन आजोबा दिवसभर घडीच्या खुर्चीत कॉफीचा मग घेऊन बसत. ते सल्ला देत नसत. ते रोज एकच प्रश्न विचारत, "मॅन्युअल वाचलंस?" मी वाचलं होतं. म्हणजे चित्रं पाहिली होती. बऱ्याच पानांवर चौकटीत ठळक अक्षरांत काहीतरी होतं. अमेरिकेत खटल्यांच्या भीतीने शिडीवरसुद्धा इशारे छापतात, म्हणून चौकटी मी सोडून दिल्या.

सगळं उभं राहिलं, शीड खाचेतून सरसर वर गेलं, आणि मी कॉकपिटमध्ये बसून दोर ओढला. ड्रम फिरला. शीड गुंडाळलं गेलं, घट्ट आणि सुबक. मी नानांकडे पाहिलं. नानांनी मान डोलावली. आजोबांनी मग खाली ठेवला, हे त्यांनी पहिल्यांदाच केलं, आणि म्हणाले, "वा. उन्हाचा पट्टा उन्हापासून छान वाचवलायस."

ड्रमवर दोर मी उलट्या दिशेने गुंडाळला होता. त्यामुळे शीडही उलटं गुंडाळलं जाऊन पांढरं डॅक्रॉन बाहेर आणि महागडा निळा पट्टा आत, सावलीत सुखरूप. शीड पूर्ण उलगडा, उतरवा, ड्रमवरचा दोर सोडा, दुसऱ्या बाजूने गुंडाळा, थोडे वेढे जास्तीचे ठेवा, कारण जोराच्या वाऱ्यात शीड घट्ट गुंडाळलं जातं आणि वेढे जास्त लागतात. ड्रम नाळेवर असतो. हेही मी धरलं नाही.

यानंतरचे काही दिवस मी विलक्षण सुखात घालवले, हे नोंदवलं पाहिजे. दोर ओढला की शीड बंद, सोडला की चालू. शीड लहान झाल्यामुळे त्याचा मागचा दोर ज्या कप्पीतून येतो ती पुढे सरकवावी लागते, नाहीतर शिडाचा वरचा भाग फडफडत राहतो; ती मी सरकवली, बरोब्बर, आणि सरकवल्याचं भेटेल त्याला सांगितलं. महाराष्ट्र मंडळाच्या सहलीत चारचौघांना घेऊन गेलो आणि मधेच, कारण नसताना, शीड एकदा गुंडाळून आणि उलगडून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका वहिनींनी विचारलं, "आमच्या बाल्कनीच्या पडद्याला असं बसेल का?"

मग तो ढग आला.

आम्ही तिघंच होतो, थॉमस पॉइंटच्या दीपगृहाजवळ. हे दीपगृह बघण्यासारखं आहे: पाण्यात लोखंडी पायांवर उभं असलेलं षट्कोनी लाकडी घर, १८७५ सालचं, अजून त्याच जागी. मी नानांना त्याचा इतिहास सांगत होतो. रेडिओवर हवामानाचा इशारा झाला, पश्चिमेला आभाळ काळंनिळं झालं, बायको म्हणाली, शीड घेऊ या. मी म्हटलं, घाई नाही. हेच तर या यंत्राचं वैशिष्ट्य, की घाई करावी लागत नाही. इतिहास पूर्ण करून मी दोर ओढला.

ड्रम एक वळसा फिरला आणि थांबला.

आणखी जोर लावला. काही नाही. वारा येऊन धडकला, बोट आडवी झाली, नाना कॉकपिटच्या एका बाकावरून दुसऱ्यावर गेले, वही छातीशी धरून. शीड सुटलं होतं, फडफडण्याचा आवाज असा की बोलणं ऐकू येत नव्हतं. आता अभियंता असण्याचा तोटा बघा. सामान्य माणसाने हाताने ओढून सोडून दिलं असतं. मला तरफ, दंतचक्रं आणि यांत्रिक लाभ माहीत. मी फर्लरचा दोर विंचवर घेतला आणि हँडल फिरवलं. वरून, शेंड्यावरून, एक करकर आली. ती मी आजही पंपांच्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या ऐकतो. "अरे, सोड ते!" बायको ओरडली. "तुटेल काहीतरी!" मी सोडलं.

शीड खाली ओढावं म्हटलं तर हॅलियर्डही जाम. गुंडाळत नाही, उतरत नाही. अशा वेळी एक जुनी युक्ती आहे: इंजिन लावायचं आणि बोट गोल फिरवायची. वारा एका बाजूने येत राहतो, बोट फिरते, आणि सुटलेलं शीड आपोआप फोरस्टेभोवती लपेटलं जातं. बायकोने आधी पाण्यात लोंबणारे दोर आत ओढले, नाहीतर ते पंख्यात गेले असते आणि हा लेख निराळ्या ठिकाणी संपला असता. मग तिने वळवायला सुरुवात केली. नाना ओरडले, "उजवीकडून! प्रदक्षिणा उजवीकडून घालतात!" तिने उजवीकडून घेतली. होतं ते एक वेटोळंही सुटलं. यंत्र नास्तिक निघालं. त्याला उलटी प्रदक्षिणा हवी होती. मग आम्ही उलट्या फेऱ्या सुरू केल्या, मुसळधार पावसात, १८७५ सालच्या दीपगृहासमोर, आणि शीड खरंच फेरीगणिक तारेवर चढत गेलं. मी कुठे होतो? नाळेवर. पोटावर झोपून, सैल सुटलेलं शीड कवेत घेऊन दाबत. मागून बायकोचा आवाज आला, "वटपौर्णिमेला मी कधी वडाला एक फेरी मारली नाही! आज तुझ्या खांबाला किती मारायच्या?"

शेवटची फेरी झाली, शीड बांधलं, आणि वारा पडला. ऊन आलं. एक चिटपाखरू नव्हतं, एक पान हलेल एवढी झुळूक नव्हती. इंजिनावर धक्क्याला परतताना नाना पहिल्यांदा बोलले. "काळ्या ढगाला इथे काय म्हणतात?" त्यांनी विचारलं आणि कसलीशी नोंद केली.

आजोबा खुर्चीतच होते. आमच्या नाळेवर निम्मं शीड तारेला लपेटलेलं आणि निम्मं दोरांच्या गाठींत कोंबलेलं बघून त्यांनी फक्त मान वर केली, डोलकाठीच्या शेंड्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आखूड शीड." मग मॅन्युअल मागवून घेऊन त्यांनी चौकटीतला मजकूर मला मोठ्याने वाचायला लावला, नानांसमोर.

प्रकार असा. स्विव्हल पट्टीच्या अगदी वरच्या टोकाजवळ बसला पाहिजे, म्हणजे त्याच्यापासून डोलकाठीच्या कप्पीपर्यंत हॅलियर्ड तिरका, आठ-दहा अंशांच्या कोनात, मागे जातो. तो तिरकेपणाच स्विव्हलच्या वरच्या भागाला धरून ठेवतो. माझं शीड आखूड, म्हणून स्विव्हल दोन हात खाली. तिथून हॅलियर्ड पट्टीला समांतर, चिकटूनच वर गेलेला. वाऱ्याचा ताण आल्यावर जो भाग फिरायचा नव्हता तो फिरला, आणि शिडाऐवजी हॅलियर्डच पट्टीभोवती गुंडाळला गेला. मी विंच फिरवून त्याला आणखी पीळ दिला. "फर्लर अडला तर बळ लावायचं नाही, वर बघायचं," आजोबा म्हणाले. "फोरस्टेत एकोणीस तारा असतात. एक तुटली की बाकीच्या अठरांना कळतं." दोरावर बळ लावून डोलकाठ्या पाडलेल्या माणसांची त्यांच्याकडे यादीच होती. ते ती जेवणाच्या वेळेपर्यंत सांगत राहिले.

उपाय दोन. शिडाच्या शेंड्याला एक तारेचा तुकडा जोडायचा, दोन्ही टोकांना कड्या, म्हणजे शीड आखूड राहूनही स्विव्हल वर पोचतो. आणि डोलकाठीच्या वरच्या टोकाला हॅलियर्डला तिरका धरणारी एक छोटी वाटोळी कडी बसवायची. नानांनी किंमत टिपली: तारेचा तुकडा, अठ्ठावीस डॉलर. मग मागची पानं उलटून शीड कापायचा खर्च, पट्ट्याचा खर्च, फर्लरचा आकडा यांच्याखाली बोट फिरवत ते बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांचा लेखापरीक्षणाचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. जिल्हा परिषदेतले लोक तो चेहरा पाहून रजेवर जात असणार.

पुन्हा खुर्ची, पुन्हा चाळीस फूट. या वेळी पिळलेला हॅलियर्ड सोडवायचा होता, भोकं पाडायची होती, आटे काढायचे होते, म्हणून सगळी हत्यारं दोऱ्यांनी कमरेला बांधून गेलो. भोक अर्धं झालं आणि खिशातला फोन वाजला. हातातलं ड्रिल सोडता येईना, फोन कानाला कसा लागला ते मला माहीत नाही.

"कुठे आहेस?" पुण्याहून आई.

"वर आहे."

"वर म्हणजे माळ्यावर का? सांभाळ हं. जेवलास?"

मी नाही म्हटलं, तर तिने सुनेला फोन द्यायला सांगितलं. सून चाळीस फूट खाली माझा जीव विंचवर धरून होती. मी म्हटलं, ती कामात आहे. आई म्हणाली, "सारखी कसली कामं रे तुमची? जेवायला वाढायला पण कुणी रिकामं नाही."

त्या संध्याकाळी आजोबांनी आम्हा सगळ्यांना चिंबोऱ्या खायला नेलं. चेसापीकच्या निळ्या चिंबोऱ्या वाफवून, वर लाल मसाला थापून, लाकडी हातोडीसकट टेबलावर ओततात. नानांनी एक फोडली, खाल्ली आणि निकाल दिला: "जनावर उत्तम आहे. पण मसाला कवचाला लावून उपयोग काय?" हर्णैच्या माणसाने आपल्या चिंबोरीवर एवढी टीका केलेली आजोबांनी प्रथमच ऐकली असावी. दोघांची त्या दिवशी गट्टी जमली. भाषा एकमेकांची येत नव्हती, तरी दोघं माझ्याच विषयी बोलत होते हे मला स्पष्ट कळत होतं.

त्यानंतर फर्लर सरळ चालला. सप्टेंबरात चेसापीकवर वारा सुधारतो, जेलीफिश कमी होतात, आणि मी मागे बसल्या बसल्या एका हाताने शीड आत-बाहेर करत होतो. नाळेवर जायचं कारण उरलं नाही. मी कधी कधी उगाच जात असे, ड्रमवर दोर नीट बसतोय का बघायला, पण ते कुणाला सांगत नसे.

परतीच्या आदल्या रात्री नानांनी हिशेब मांडला. एकूण खर्चाला, फर्लर बसल्यापासून मी जितक्या वेळा नाळेवर गेलो नाही, त्या संख्येने भागलं. बायकोने आकडे दिले होते. उगाच गेल्याच्या वेळा तिने वजा केल्या होत्या, म्हणजे तिला दिसत होतं. भागाकार मी पाहिला. एका न जाण्याला शंभर डॉलरच्या वर दर पडत होता. "हर्णैला एवढ्यात माणूस जन्मभर नाळेवर बसेल," नाना म्हणाले, "आणि मासेही आणून देईल." मग दिलासा देत त्यांनी पेन्सिलीने खाली एक ओळ लिहिली: जितक्या वेळा जाणार नाही, तितका दर कमी होईल.

त्यामुळे ऑक्टोबरात, सगळे लोक बोटी आवरत असताना, आम्ही प्रत्येक शनिवारी स्वेटर-कानटोपी घालून बाहेर पडत होतो, दर खाली आणायला. रविवारी सकाळी दापोलीहून नानांचा फोन यायचा.

"जावईबापू, काल किती वेळा गेला नाहीत?"

मी सांगायचो, वहीची पानं उलटल्याचा आवाज यायचा, आणि नवा दर कळायचा. थँक्सगिव्हिंगच्या आत बोट क्रेनने उचलून यार्डात टेकूंवर ठेवली. पुढच्या रविवारी मी आनंदाने सांगितलं की आठवडाभर एकदाही गेलो नाही, आणि आता मार्चपर्यंत जाणारही नाही.

"ते धरता येणार नाही," नाना म्हणाले. "बोट जमिनीवर आहे."